बेंडर घेण्याआधी ट्यूब ठरवा

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बाजा टीममध्ये (बाजा म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड बग्ग्यांची स्पर्धा) बग्गीच्या फ्रेमचं काम तिच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "मामा, टीमसाठी ट्यूब वाकवायचा बेंडर घ्यायचाय. तू कुठला घेशील?" मी विचारलं, "ट्यूब कुठली वाकवणार आहात?" ते अजून ठरलं नव्हतं. मग मी तिला रविवारी उचगावला घरी बोलावलं आणि शेडमध्ये बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. घरच्या घरी गाडीचं फॅब्रिकेशन करू पाहणारे बरेच जण तिच्यासारखीच सुरुवात मशीनपासून करतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाइप आणि ट्यूब एक नाहीत. पाण्याचा पाइप आतल्या नाममात्र मापाने विकला जातो. एक इंची पाइप बाहेरून 33.7 मिमी भरतो, सव्वा इंची 42.4 आणि दीड इंची 48.3. ट्यूब मात्र बाहेरच्या मापाने मिळते, म्हणजे दीड इंची ट्यूब बाहेरून 38.1 मिमी. हार्डवेअरच्या दुकानात जो स्वस्त हायड्रॉलिक बेंडर दिसतो, खाली जॅक, वर फॉर्मर म्हणजे पाइप बसायची खाच असलेला साचा, आणि दोन बाजूंना दोन रोलर असा, त्याचे फॉर्मर पाइपच्या मापाचे असतात. प्लंबिंगच्या जाड पाइपासाठी तो चांगला आहे. आपल्या कामाला चालत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. जीपच्या पहिल्या रोल बारसाठी (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) मी तसाच एक बेंडर ओळखीतून आणला होता. ट्यूब 38.1 ची, दोन मिमी जाडीची. मापाचा फॉर्मर नव्हता म्हणून सव्वा इंचीचा लावला. खाच 42.4 ला बनलेली, म्हणजे ट्यूबला सव्वाचार मिलिमीटरची मोकळीक. साठ अंशांपर्यंत सगळं बरं वाटलं. नंतर आतल्या बाजूला खड्डा पडला आणि बाहेरची बाजू चपटी झाली. सहा मीटरची अख्खी लांबी वाया गेली. तेव्हापासून ठरवलं की ट्यूबला चारी बाजूंनी धरणारी डाय, म्हणजे नेमक्या मापाच्या खाचेचा साचा, नसेल तर वाकवायचंच नाही.

असं धरणारं मशीन म्हणजे रोटरी ड्रॉ बेंडर. यात ट्यूब गोल डायच्या खाचेत बसते, तिचं पुढचं टोक डायला घट्ट आवळलेलं असतं, आणि डाय फिरते तशी ट्यूब तिच्याभोवती ओढली जाते. मागून फॉलोअर, म्हणजे तशीच खाच असलेला ठोकळा, तिला दाबून धरतो. डायची खाच अर्धी आणि फॉलोअरची खाच अर्धी, अशी ट्यूब पूर्ण वेढलेली राहते. रोल केज (माणसांभोवतीचा ट्यूबचा पिंजरा), बंपर, सीटची फ्रेम या सगळ्याला हेच मशीन लागतं. तीन रोलरचा बेंडर गेटच्या कमानीसारख्या मोठ्या बाकासाठी आहे. मॅन्ड्रेल बेंडरमध्ये ट्यूबच्या आतूनही आधार असतो, त्यामुळे सायलेन्सरच्या पातळ पाइपाला तोच हवा. पण तो घरच्या शेडमध्ये आणायची गरज नाही. तेवढी दोन-चार वळणं बाहेरून करून आणावीत.

आता ट्यूब कशी ठरवायची? तुम्ही जिथे गाडी उतरवणार आहात तिथलं नियमपुस्तक आधी वाचा. बाजाच्या मुलांना फ्रेमच्या मुख्य ट्यूबसाठी 25 मिमी बाहेरचं माप आणि 3 मिमी जाडी, किंवा तेवढीच ताकद आणि ताठपणा गणिताने सिद्ध करणारी दुसरी ट्यूब, असा नियम असतो. पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के लागतो, म्हणून दुकानातली साधी एमएस (माइल्ड स्टील) ट्यूब चालत नाही, टेस्ट सर्टिफिकेट मागावं लागतं. रॅलीच्या गाडीला एफआयएचा, म्हणजे मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेचा, नियम लागू असेल तर मुख्य कमान 45 × 2.5 किंवा 50 × 2 मिमी, आणि बाकीच्या ट्यूब 38 × 2.5 किंवा 40 × 2 मिमी, त्याही कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढून काढलेल्या, बिनशिवणीच्या. म्हणजे एका केजला दोन मापांच्या डाय लागणार, हे बेंडर घेण्याआधीच दिसतं. भाचीने हे ऐकून वहीत आधी ट्यूबची मापं लिहिली. मशीनचं पान तिने कोरं सोडलं.

मापानंतर येते त्रिज्या. डायवर जी त्रिज्या लिहिलेली असते ती ट्यूबच्या मध्यरेषेपर्यंतची. एफआयए ती ट्यूबच्या व्यासाच्या किमान तिप्पट मागते, आणि घरच्या कामालाही मी याच्या खाली जात नाही. कारण सरळ आहे. तिपटीला ट्यूबची बाहेरची बाजू मध्यरेषेपेक्षा साधारण 17 टक्के जास्त ताणली जाते, दुपटीला 25 टक्के. जेवढा ताण जास्त तेवढी भिंत पातळ, आणि गाडी उलटली की मार नेमका वळणावर येतो. माझी दीड इंची डाय 115 मिमीची आहे, म्हणजे तिपटीच्या जेमतेम वर. दिसायला छान म्हणून आखूड त्रिज्येची डाय घेऊ नका.

खर्चाचा विचार करताना लोक बेंडरच्या फ्रेमची किंमत बघतात. डाय मात्र प्रत्येक मापाला वेगळी घ्यावी लागते, आणि तीन मापं झाली की डायचा खर्च त्या फ्रेमच्या पुढे जातो. म्हणून ज्या मशीनची डाय नंतर सुटी मिळेल किंवा इथल्या टर्नरकडून बनवता येईल, तेच घ्या. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतो. 115 त्रिज्येच्या डायला 230 व्यासाचा आणि 55 जाडीचा कच्चा गोळा लागतो, त्याचंच वजन 18 किलोच्या आसपास भरतं. टर्नरला ड्रॉइंगबरोबर ट्यूबचा तुकडाही द्या. खाच ट्यूबपेक्षा 0.2 ते 0.3 मिमी मोठी असावी, त्याहून सैल नको. बाहेरून मशीन मागवणार असाल तर तिथल्या डाय बहुतेक इंचात असतात. 38.1 च्या डायमध्ये 38 ची ट्यूब निभावते, 40 ची बसतच नाही.

हाताचा की हायड्रॉलिक? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, पण मला तो तेवढा मोठा वाटत नाही. वळण दोन्हींचं सारखंच येतं, कारण ते डायवर अवलंबून आहे. हाताच्या बेंडरला दीड मीटरचा दांडा फिरवायला जागा लागते आणि स्टँड कोब्यात अँकर बोल्टने पक्का करावा लागतो. अडीच मिमीची दीड इंची ट्यूब एकट्या माणसाला जड जाते. शेड लहान असेल किंवा एकटेच काम करत असाल तर जॅकवर चालणारा घ्या. त्यात एका स्ट्रोकला ठरावीक अंशच मिळतात, मग पिन पुढच्या भोकात टाकायची. पिन बदलताना ट्यूब सैल पडून मागे सरकत नाही ना, हे विकत घेताना समोर करून बघा.

अंशांची चकती मशीनवर असलीच पाहिजे. वाकवून सोडल्यावर ट्यूब थोडी उलगडते. माझ्या ट्यूबला 90 अंश हवे असतील तर 93-94 पर्यंत न्यावं लागतं. दुसरा लॉट आणला की आकडा बदलतो, म्हणून दर लॉटचा एक तुकडा आधी वाकवून तो आकडा ट्यूबवरच खडूने लिहितो. आणखी एक गोष्ट विचारा: दोन वळणांमध्ये किमान किती सरळ लांबी लागते? क्लॅम्पला धरायला जागा हवी. ती लांबी जास्त असेल तर सीटची फ्रेम त्या मशीनवर होणारच नाही.

कापायची लांबी काढायला त्रिज्या × अंश × 0.01745. 115 च्या डायवर 90 अंशांच्या वळणात 181 मिमी ट्यूब जाते, वळणाऐवजी काटकोनी कोपरा धरून मोजली तर 230 येते. म्हणजे दर वळणाला 49 मिमी वजा. एक मीटर उंच आणि 1100 रुंद कमानीला 3100 नव्हे, 3002 मिमी ट्यूब लागते. शिवणीची (वेल्डचा जोड असलेली) ट्यूब असेल तर शिवण वळणाच्या पोटात (आतल्या बाजूला) किंवा पाठीवर (बाहेरच्या बाजूला) ठेवू नका, बाजूला ठेवा. तिथे ताण सर्वांत कमी असतो.

रस्त्यावरच्या गाडीबद्दल मी भाचीलाही बजावलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि पुढे लावलेल्या बुल बारना केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये आक्षेप घेतला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, हेल्मेटशिवाय बसणाऱ्याच्या डोक्याजवळ पोलादी ट्यूब आणणं धोक्याचं आहे. माझ्याकडे कुणी रोजच्या गाडीला केज मागितला तर मी करून देत नाही.

नवा बेंडर घरी आला की पहिल्या दिवशी गाडीचं काम काढू नका. एक तुकडा 90 ला वाकवा आणि वळणाच्या मध्यावर व्हर्नियर दोन दिशांनी लावा. लहान माप भागिले मोठं माप 0.9 च्या खाली गेलं तर एफआयएच्या नियमात ते वळण बाद आहे. मग डाय किंवा फॉलोअरची खाच तपासा. त्यानंतर तोच तुकडा वळणाच्या रेषेने उभा चिरा आणि पाठीवरची जाडी मोजा. अडीचची भिंत 2.15 च्या आसपास मिळाली तर हिशेबाप्रमाणे आहे. भाचीच्या टीमने 25 × 3 च्या ट्यूबला 75 त्रिज्येची डाय घेतली. त्यांच्या पहिल्या तुकड्याचे दोन्ही अर्धे, तारीख घालून, माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेले आहेत.