वर्गात येण्याआधी निकाल कसा वाचावा

मिरामार असो वा मडगाव, कायद्याच्या कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला बरीच मुले कलमे पाठ करत बसतात. कलम पुस्तकात सापडते, आणि ते बदलतेही: 1 जुलै 2024 पासून खुनाच्या शिक्षेचे दंड संहितेतले 302 कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचे 103 आले. प्राध्यापक वर्गात शिकवतात ते वेगळेच. न्यायालयाने नेमके काय ठरवले आणि ओघात काय म्हटले, हे निवडून काढायला ते शिकवतात. निकाल न वाचता आलात तर तो तास वाया गेला असे समजा.

सरावाला आपल्याच मातीतला निकाल घ्या: सर्वोच्च न्यायालय, 13 सप्टेंबर 2019. एका गोमंतकीयाने मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्राने एकाच मुलीला दिली होती. त्या मालमत्तेचा वारसा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने ठरणार की 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने? त्या पोर्तुगीज संहितेप्रमाणे मुले असतील तर अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहत असे, मृत्युपत्र चालत असे ते उरलेल्या अर्ध्यापुरतेच. भारतीय वारसा कायद्यात असा राखीव हिस्सा नाही.

निकाल ई-एससीआरवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या ऑनलाइन संग्रहात, मोफत मिळतो. पहिल्यांदा सलग वाचा, एकही ओळ अधोरेखित करू नका. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, शेवटी बघा. ते न्यायाधीशांचे शब्द नसतात.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. एकच पान. तथ्ये चार-पाच ओळींत, आणि तीही जी बदलली तर निकाल बदलेल तेवढीच. मग एका वाक्यात प्रश्न, एका वाक्यात निर्णय. उरलेले पान कारणांसाठी, परिच्छेद क्रमांकासह. पान पुरले नाही तर बहुधा तथ्येच जास्त झालेली असतात.

कारणे साखळीसारखी लिहा. इथली साखळी अशी: 1962 च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या कलम 5 ने इथे आधीपासून लागू असलेले कायदे चालू ठेवले, म्हणून संहिता परकी राहिली नाही, ती भारतीय कायदाच झाली, म्हणून गोमंतकीयाची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा संहितेनेच. यातली मधली कडी गाळली तर शेवटची हवेत लोंबकळते, आणि प्राध्यापक बोट ठेवतात ते नेमके तिथेच.

सर्वात जास्त चुका दोन ठिकाणी होतात. वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून उतरवला जातो. 'अपीलकर्त्यातर्फे असे मांडण्यात आले' अशा अर्थाची वाक्ये आधी कडेला खूण करून वेगळी काढा. दुसरी चूक आपल्याकडे फार होते. याच निकालात न्यायालयाने समान नागरी कायद्याबाबत गोव्याचे कौतुक केले आहे. वर्तमानपत्रांना ते मोठे वाटले, पण वारशाचा प्रश्न सोडवायला त्याची गरज नव्हती. ते ऑबिटर, म्हणजे ओघात म्हटलेले. बंधनकारक आहे ती वरची साखळी, म्हणजे रेशिओ, निर्णय ज्यावर उभा आहे ती कारणे. ओळखायचे कसे? वाक्य खोडून बघा. निर्णय तसाच उभा राहिला तर ते ऑबिटर.

शेवटी पानाच्या तळाला दोन 'समजा' लिहून आणा. समजा घर मुंबईत नसून लिस्बनमध्ये असते? समजा मालक गोव्याचा अधिवासी नसता, फक्त त्याचे घर म्हापशात असते? निकालात यांचे थेट उत्तर नाही. तास तिथूनच सुरू होतो.