एसएल१००-एसके१०० च्या जागी बीडी१३९-बीडी१४०: माझा अनुभव

घरी बांधलेला २एन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर. एका चॅनलचा आवाज फाटायचा आणि त्याला चालवणाऱ्या छोट्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरला, एसके१०० ला, बोट लावलं की चटका बसायचा. सांगलीत गणपती पेठेपासून शोधलं, तो कुठेच मिळाला नाही. मग बीडी१४० त्याच भोकांत बसवला आणि फ्यूज उडाला. दोन रविवार त्यातच गेले, फार वैताग आला.

चूक ट्रान्झिस्टरच्या तीन पायांच्या (एमिटर, बेस, कलेक्टर) क्रमाची होती. एसके१०० ची कडेची खूण एमिटरजवळ असते, पुढे बेस, मग कलेक्टर. बीडी१४० चं छापील तोंड आपल्याकडे धरलं तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. म्हणजे शेवटचे दोन पाय उलटे.

आधी दोन्ही ड्रायव्हर (एसएल१०० आणि नवा बीडी१४०) काढले. जोडी एकत्रच बदला. मधल्या पायावर स्लीव्ह चढवून शेवटचे दोन पाय एकमेकांवरून नेले. पाठीचा पत्रा कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकला लावताना मध्ये अभ्रक हवाच. बायसचा प्रीसेट (आउटपुट ट्रान्झिस्टरमधला स्थिर करंट ठरवणारा छोटा स्क्रू) कमीत कमीवर आणला, स्पीकर काढला, इनपुट शॉर्ट केला आणि ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून सप्लाय दिला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. आउटपुटला ३० मिलिव्होल्ट डीसी. मग बल्ब काढून ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ५ मिलिव्होल्ट येईपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवला. अर्ध्या तासाने गरम झाल्यावर तो व्होल्टेज पुन्हा मोजला, आणि मगच स्पीकर जोडला.