घरचा लॅपटॉप ऑफिसच्या कामाला घेण्यापूर्वी

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी रत्नागिरीत एका कर सल्लागाराकडे नुकतीच कामाला लागले होते. ऑफिसकडे द्यायला वेगळा संगणक नव्हता, त्यामुळे घरातल्याच लॅपटॉपवर मी काजू कारखानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरू लागले, आंबा बागायतदारांचे हिशेब ठेवू लागले आणि त्याच लॅपटॉपवर माझा भाचा शाळेचे तास करू लागला.

पुढच्या हंगामात भाच्याने एका गेमची फुकट क्रॅक (परवान्याचे कुलूप तोडलेली, बेकायदा) प्रत उतरवली आणि सोबतच्या सूचनांत लिहिले होते म्हणून अँटिव्हायरस बंद केला. चार दिवसांनी वाशीच्या अडत्याने आमच्या एका बागायतदारांना फोन केला. "काका, पैसे दुसऱ्या खात्यात टाका म्हणून तुमचा मेल आलाय. तुमचं खातं तर रत्नागिरीतलं ना?" काकांनी असा मेल पाठवलाच नव्हता. त्यांच्या मेलचे सगळे व्यवहार मी पाहत असे आणि पासवर्ड माझ्या ब्राउझरमध्ये साठवलेला होता. अडत्याने मेलवर विसंबून न राहता फोन केला, म्हणूनच त्या माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे वाचले.

हे घडते कसे, ते नवख्यांनी नीट समजून घ्यावे. अशा क्रॅकमधून येणारा चोरटा प्रोग्राम आपल्याच लॉगिनखाली चालतो, त्यामुळे ब्राउझर जे आपल्याला उघडून दाखवतो त्यातले बरेचसे त्यालाही काढून घेता येते. साठवलेले पासवर्ड तर जातातच. पण 'हा माणूस आधीच लॉगिन झालेला आहे' हे संकेतस्थळाला सांगणारी कुकीसुद्धा जाते आणि ती हाती पडली की चोराला बहुतेक ठिकाणी ओटीपी विचारलाच जात नाही. ओटीपी आहे म्हणून मी निर्धास्त होते, ते याच अज्ञानामुळे.

मोठ्या कंपन्यांतली जाणकार माणसेही यातून सुटत नाहीत. पासवर्ड सांभाळण्याचाच व्यवसाय असलेल्या लास्टपासमध्ये २०२२ साली घुसखोर शिरले ते एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. त्यावरच्या एका मीडिया सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन त्यांनी, अभियंत्याने दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारा प्रोग्राम बसवला, मुख्य पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या बॅकअपपर्यंत मजल मारली.

म्हणून रुजू होतानाच कामासाठी वेगळा संगणक मागा; मागताना संकोच वाटतो, तरीही मागा. तो मिळालाच नाही, तर निदान घरातल्या इतरांसाठी प्रशासकीय अधिकार नसलेले वेगळे खाते उघडा, कामाचे पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका आणि डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (यूएसबीला लावायचे छोटे उपकरण) काम संपताच काढून ठेवा. विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आहेत, तेव्हा जुन्या यंत्राची आवृत्ती तपासा.

आपल्याकडे कोकणात माहिती बाहेर जाण्याची आणखी एक वाट आहे, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. खाऱ्या, दमट हवेने कीबोर्ड आणि मदरबोर्ड लवकर खराब होतात आणि पावसाळ्यात लॅपटॉप दुरुस्तीला जातोच. दुकानात आपण सांगितलेला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून झाकणावर चिकटवला जातो आणि आठवडाभर तो लॅपटॉप, आतल्या सगळ्या पॅन कार्डांसह आणि बँक स्टेटमेंटांसह, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर पडून राहतो. कामाची माहिती आधी दुसरीकडे हलवावी किंवा डिस्क काढून घ्यावी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) नसेल तर लॉगिनचा पासवर्ड न सांगूनही काही वाचत नाही, कारण ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते.

काही घडल्याचा संशय आला, तर आधी इंटरनेट तोडा आणि वरिष्ठांना लगेच सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला आणि प्रत्येक खात्यातून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. मी घाबरून काकांचा नवा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर टाइप केला होता. संध्याकाळी तोही बदलावा लागला.