६०६१-टी६ वेल्ड करताना ताकद कुठे जाते, कशी राखायची

टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या आर्क वेल्डिंगने) जोडलेली ६०६१-टी६ या अॅल्युमिनियम मिश्रधातूची पट्टी ओढून तोडा. वेल्ड नीट असेल तर ती वेल्डच्या रेघेत तुटत नाही, शेजारी तुटते. आमच्या शॉपवरच्या नव्या पोरांना याचं नवल वाटतं.

टी६ म्हणजे माल ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात विझवलेला आणि मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास भट्टीत ठेवून एजिंग केलेला. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर दाट पसरतात, ताकद त्यांचीच. टॉर्चच्या आचेने रेघेजवळचे कण विरघळतात, थोडे लांबचे वाढून जाडे आणि विरळ होतात. मूळ मालाची ओढताण ताकद ३१० मेगापास्कलच्या घरात, वेल्डनंतर हिशेब १६५ चा धरायचा. रेघ जाड करून यात काही फरक पडत नाही. उलट आच वाढते.

खात्री करायची तर भंगारातल्या वेल्ड केलेल्या तुकड्यावर ऑटोमॅटिक सेंटर पंच चालवा. रेघेच्या कडेपासून बाहेर दर ५ मिलिमीटरवर एक ठिपका. स्प्रिंगचा मार सारखाच, तरी जवळचे ठिपके रुंद उमटतात आणि लांब गेल्यावर बारीक होतात. मऊ पट्टा साधारण २५ मिलिमीटरचा धरा. जोड मुळात जास्त ताणाच्या जागी घेऊच नका. ड्रॉइंगवर तो सरकवून मागायला लाजू नका.

आधी अॅसिटोनने पुसा, मग फक्त अॅल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेस ब्रश मारा. क्रम उलटा झाला तर ब्रश तेल आत चोळतो, त्यातला हायड्रोजन रेघेत भोकं पाडतो. अँपिअर चढे ठेवून हात पटपट चालवा. दोन पासमध्ये जॉब १२० अंशांखाली येऊ द्या. टेम्परेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) वापरा, अंदाज नको. जाड माल गॅसने मनसोक्त तापवायची खोड तर मोडाच.

फिलरशिवाय (रेघेत वितळवायच्या भरावाच्या तारेशिवाय) ६०६१ जोडू नका, गरम असतानाच तडकतो. ४०४३ फिलर तडे कमी देतो, पण अॅनोडायझिंगनंतर (विजेने ऑक्साइडचा थर चढवल्यावर) रेघ काळपट दिसते; तिथे ५३५६ घ्या. शेवटी क्रेटर (रेघेच्या टोकाचा खड्डा) भरूनच आर्क सोडा.

गेलेली ताकद परत आणायची तर अख्खा जॉब पुन्हा ५३० अंशांवर नेऊन विझवावा लागतो, आणि त्यात तो वाकतो. त्यापेक्षा टी४ माल (विझवलेला, पण भट्टीत एजिंग न केलेला) आणा, वेल्ड करा आणि मग जॉबचं एजिंग करा. बरीचशी ताकद हाती लागते. भट्टी नसेल तर ५०८३ या दुसऱ्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा विचार करा: त्याची ताकद विरघळलेल्या मॅग्नेशियमची आणि थंड रोलिंगची, त्यामुळे वेल्डने घट कमी होते.

७०७५ हा अॅल्युमिनियम मिश्रधातू घेऊन कोणी आलं तर टॉर्च पेटवू नका, बोल्ट मारायला सांगा.