माझा अनुभव: घरच्या कॉफीसाठी स्वस्त ग्राइंडर कसा जमवला

शेंगाचटणीच्या मिक्सरमध्ये कॉफी दळू नका. लसणाचा वास झाकणाच्या रबरी रिंगमध्ये मुरतो, तो साबणानेही जात नाही. आम्हा सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको! शिवाय पात्याने निम्मी पूड पीठ होते, निम्मी कणी राहते. मग कडू आणि पाणचट चव एकाच कपात येते.

कमी पैशांत हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (burr, म्हणजे पात्याऐवजी दातेरी भागांमध्ये बिया भरडणारा) बरा. घेताना मधला दांडा हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर बारीक दळण ठीक येतं, जाड मात्र वेडंवाकडं. साउथ इंडियन फिल्टर किंवा मोकापॉटला (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) बारीक दळण लागतं, म्हणून तिथे चालून जातं; फ्रेंच प्रेसला (जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं) जाड लागतं, त्यामुळे कपात गाळ उरतो. त्यावर उपाय: जाड दळलेली पूड बारीक जाळीच्या चहाच्या गाळणीत अर्धा मिनिट हलवा. खाली पडलेलं पीठ फिल्टरला, वर राहिलेलं प्रेसला. प्रेससाठी 30 ग्रॅम पूड, 500 मिली पाणी, 4 मिनिटं.

दळण किती जाड-बारीक हवं त्या सेटिंगसाठी ग्राइंडरचा नट आवळत जा. हँडल अडलं की तो शून्य. तिथून क्लिक (नट फिरवताना लागणारा एकेक टप्पा) मोजत सैल करा. दुसऱ्याचे आकडे उपयोगाचे नाहीत, प्रत्येक मॉडेलचा क्लिक वेगळा. फिल्टरमधून डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) उतरतच नसेल तर दोन क्लिक सैल, भराभर उतरलं तर आवळा.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे पूड डब्याला चिकटते. दळण्याआधी बियांत ओल्या चमच्याची दांडी फिरवा. जास्त पाणी नको, स्टीलचे दातेही गंजू शकतात.