चार चर्चची एक सहल: बसमध्ये गट फोडायची युक्ती

पुण्याहून केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी उभं केलेलं मुक्ती मिशन बघायला, चार चर्चची मंडळी एकाच बसने निघाली. पण जो तो आपल्याच चर्चच्या माणसाशेजारी बसला. परतेपर्यंत ओळख शून्य! पुढच्या वेळी हे केलं:

१. तारीख रविवारची नको, उपासना असते. शनिवार ॲडव्हेंटिस्ट पंथीयांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस. १५ ऑगस्टला कॅथलिकांचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. आम्हाला २६ जानेवारी किंवा २ ऑक्टोबर सोयीचे पडले.

२. प्रत्येक चर्चला एका रंगाच्या चिठ्ठ्या. चढताना चार रंगांच्या चौघांची चौकडी करायची, बसायचं तिथेच. लहान मुलं मात्र आईबापांकडेच.

३. मोजणी चौकडीनेच करायची. 'आमचे चौघे आले' असं चौकडीतल्या एकाने सांगायचं. ५० डोकी मोजत दारात उभं राहणं संपलं.

४. डबा चौघांत मिळून उघडायचा. शक्यतो शाकाहारी, म्हणजे कुणाला काय चालतं हे विचारत बसावं लागत नाही. आमच्या चौकडीत मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी आधी संपली, केक डब्यातच राहिला.

५. गाणं पानाच्या क्रमांकाने नव्हे, पहिल्या ओळीने सांगायचं. प्रत्येकाच्या वहीत क्रमांक वेगळा असतो, आणि शोधण्यात वाटेतलं यवत गाव येतं.

एक मात्र सांभाळा: मुक्ती मिशनमध्ये आजही मुली आणि स्त्रिया राहतात. आधी कळवून, वेळ ठरवूनच जा. मुलींचे फोटो काढू नका, अगदी 'ग्रुपसाठी' म्हणूनही नाही.