घरची बिअर, घरचा सायडर: या चुका टाळा

घरी बिअर किंवा सायडर (सफरचंदाचा आंबवलेला रस) करायला घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: ‘दोन दिवस झाले, एअरलॉकमध्ये एक बुडबुडा नाही. बिघडली का?’ (एअरलॉक म्हणजे झाकणावरची, आतला वायू बाहेर सोडणारी छोटी नळी.) आठवड्याभरात दुसरा येतो: ‘बुडबुडे थांबले. आता बाटल्यांत भरू का?’ पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं आणि दुसऱ्याचंही ‘नाही’च. या दोन उत्तरांवर विश्वास ठेवून स्वस्थ बसता आलं तर निम्मं काम झालं. घरच्या बॅचेस आपणहून क्वचित बिघडतात. झाकण उघडून डोकावणं, ढवळणं, घाईने भरणं यातच त्यांची वाट लागते.

आधी कायद्याचं बोलू. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, विकायला मात्र बंदी आहे. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्राच्या पातळीवर मोकळीक मिळाली: एकट्या प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून होती. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ती घरातली दहा लिटर बिअर का असेना. म्हणून हे सगळं परदेशात, जिथे परवानगी आहे तिथे राहणाऱ्यांसाठी. तिथेही भट्टी लावून, म्हणजे ऊर्ध्वपातन करून दारू काढणं हा वेगळा विषय आहे. ते ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय चालत नाही आणि अमेरिकेतही नाही.

घरी फोनवर सांगितलं की आईवडील हमखास विचारतात, ‘विषारी नाही ना होणार?’ काळजी रास्त आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पण त्या दारूत मेथॅनॉल मिसळलेलं होतं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किंवा सफरचंदाचा रस नुसता आंबवून घातक प्रमाणात मेथॅनॉल तयार होत नाही. सफरचंदातल्या पेक्टिनमुळे थोडंसं होतं, पण त्याने अपाय होत नाही. घरच्या बिअरमधला खरा धोका बाटलीत असतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

बुडबुड्यांवर विश्वास ठेवणं

एअरलॉक म्हणजे वायू बाहेर जाण्याची वाट, मोजमापाचं साधन नव्हे. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण एका कोपऱ्यात जरा सैल राहिलं की सगळा कार्बन डायऑक्साइड तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतं. आत मात्र जोरात काम चालू असतं. उलट, आंबणं संपल्यावर खोली तापली तरी विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे पुन्हा दिसायला लागतात. यीस्ट घातल्यावर बारा ते चोवीस तास काहीच न दिसणं अगदी नेहमीचं आहे, आणि कधी बहात्तर तासही जातात. तोवर दुसरं पाकीट फोडू नका.

खरं उत्तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी, देतो. यीस्ट घालण्याआधी एक आकडा घ्या, समजा १.०४५. साखर खाल्ली जाते तसा तो उतरत जातो आणि साध्या एल प्रकारच्या बिअरमध्ये १.०१० च्या आसपास स्थिरावतो. दोन आकड्यांमधल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं. इथे साधारण ४.६ टक्के. सायडर याच्याही खाली जातो, १.००० किंवा त्याहून थोडा कमी, कारण सफरचंदाची जवळजवळ सगळी साखर यीस्टला खाता येते.

आकडा घेताना लोक एक बारीक चूक करतात. नमुन्यात वायू असतो, त्याचे बुडबुडे काचेला चिकटतात आणि हायड्रोमीटर वर उचलला जातो. मग १.०१० ची बिअर १.०१४ दाखवते आणि माणूस ‘आंबणं अडकलं’ म्हणून घाबरतो. नमुना दोन ग्लासांत चार-पाच वेळा वर-खाली ओता, फेस जाऊ द्या, मग नळीत घेऊन हायड्रोमीटरला बोटांनी एक गिरकी द्या. वाचायचं ते द्रवाच्या सपाट पातळीवर, काचेला चिकटून वर चढलेल्या कडेवर नाही. आणि तो नमुना परत बादलीत ओतू नका. प्या, चव कशी बदलत जाते ते याच घोटातून कळतं.

घाईने बाटल्या भरणं

या चुकीत माणसाला इजा होऊ शकते, म्हणून इथे जरा थांबतो.

बाटलीत फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. शिल्लक यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत वायू साठतो. याचं प्रमाण लिटरमागे ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १०० ते १२० ग्रॅम. आता हिशोब बघा. बिअर १.०१४ वर असताना तुम्ही भरली आणि ती बाटलीतच १.०१० ला उतरली. हे चार अंक म्हणजे लिटरमागे साधारण ८ ग्रॅम साखर, तुम्ही मोजून घातलेल्या साखरेपेक्षाही जास्त. दोन्ही मिळून दाब दुपटीच्या आसपास जातो. काचेची बाटली तो सहन करेलच असं नाही, आणि ती फुटते तेव्हा काच खोलीभर उडते.

म्हणून नियम एकच: दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले आकडे सारखे आले तरच भरायचं. किटच्या डब्यावर ‘सात दिवस’ लिहिलेलं असलं तरी. दोन आठवडे बिअर गाळावर तशीच राहिली तर काहीही बिघडत नाही, उलट ती निवळते.

साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू नका. चमचा कधी सपाट असतो, कधी शीग लागते, आणि त्याच बॅचमधली एक बाटली मचूळ निघते तर दुसरी कारंजं. साखर कपभर पाण्यात उकळून पाक स्वच्छ बादलीत ओता, त्यावर नळीने बिअर सोडा. नळीचं टोक तळाशी ठेवा म्हणजे हवा मिसळणार नाही. वाइनच्या पातळ बाटल्या यासाठी मुळीच वापरायच्या नाहीत. बिअरच्या किंवा शँपेनच्याच घ्या. प्रत्येक बॅचमधली एक बाटली प्लॅस्टिकची भरा, सोड्याची रिकामी चालते. ती दाबून बघितली की बाकीच्यांच्या पोटात काय चाललंय ते कळतं. दगडासारखी कडक झाली की सगळा साठा फ्रीजमध्ये.

फ्रीजमध्ये जागा नसेल आणि बाटल्यांत दाब जास्तच वाढल्यासारखा वाटत असेल, तर त्यांना हात लावण्याआधी जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. वर जाड चादर टाका, शक्य तितकं गार होऊ द्या, मग एकेक झाकण अलगद सैल करून दाब सोडा. उघड्या हातांनी तपासायला जाऊ नका.

सायडरवाल्यांची यात एक खास चूक असते. आंबून झालेला सायडर कोरडा, आंबट लागतो, म्हणून भरताना सरळ साखर नाहीतर रस घालतात. ती साखर गोडवा म्हणून राहत नाही, यीस्ट तीही खातं. गोड आणि फसफसणारा सायडर हवा असेल तर यीस्टला न पचणारा गोडवा घाला, उदाहरणार्थ एरिथ्रिटॉल. झायलिटॉलही चालतं, पण घरात कुत्रा असेल तर नको, कुत्र्यांना ते विषासारखं आहे. सगळ्यात सोपं म्हणजे पिताना ग्लासात थोडा ताजा रस मिसळायचा. पोटॅशियम सॉर्बेट (पदार्थ टिकवायचं रसायन) घालून यीस्ट ‘मारता’ येतं असा समज आहे. ते जोमात चाललेलं आंबणं थांबवत नाही, संपलेलं पुन्हा सुरू होऊ नये एवढंच बघतं. आणि ते घातल्यावर बाटलीत फेसही येणार नाही.

उबेला ठेवणं

इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही म्हणून आपण ते उबदार जागी ठेवतो, आणि तीच सवय बिअरला लावतो. बिअरला ती मानवत नाही. एलच्या यीस्टला १८ ते २० अंश सेल्सिअस पुरतात. शिवाय आंबताना उष्णता तयार होते, त्यामुळे बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी जास्त असू शकतं. खोली २४ वर असेल तर आत २८. अशा बिअरला पिकलेल्या केळ्याचा, कधी नेलपॉलिशसारखा वास येतो आणि जड अल्कोहोलमुळे घशाशी जळजळतं. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. बादली पाण्याच्या टबात ठेवा, वर ओला पंचा गुंडाळा. शेवटी दोन अंश वाढलं तर हरकत नाही, उलट यीस्टला काम पुरं करायला मदत होते. खोली थंड करणं शक्यच नसेल तर नॉर्वेतलं क्वेक यीस्ट आणा, ते ३५ अंशांवरही नीट काम करतं.

हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलेल्या बादलीचं उलट होतं: रात्री तापमान पडतं, यीस्ट तळाशी बसतं आणि आकडा मध्येच अडकतो. बादली आत आणा, १९-२० अंशांवर येऊ द्या, हलक्या हाताने गोल फिरवा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

धुतलं म्हणजे निर्जंतुक झालं

आधी घासून धुणं आणि मग निर्जंतुक करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. चिकट गाळ राहिलेल्या नळीत कितीही सॅनिटायझर ओतला तरी आतले जंतू जगतात. आम्लयुक्त, नंतर धुवावा न लागणारा सॅनिटायझर घेतलात तर त्याचा फेस राहिला म्हणून पुन्हा नळाखाली धरू नका. त्याने केलेलं काम वाया जातं. घरातलं ब्लीच वापरायचं असेल तर भरपूर धुवा, आणि ते व्हिनेगर किंवा कुठल्याही आम्लाशी चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

बिअरला बँडेजसारखा किंवा दवाखान्यासारखा वास आला की लोक जंतूंना दोष देतात. बऱ्याचदा तो नळाच्या पाण्यातला क्लोरीन असतो. अनेक शहरांत क्लोरामाइन वापरतात, आणि ते उकळून सहजी जात नाही. कँपडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरडून वीस लिटर पाण्यात टाकली की काही मिनिटांत काम होतं. पैशापैशाची गोष्ट, पण चवीत फरक मोठा.

सायडरचे स्वतंत्र प्रश्न

दुकानातला रस घेताना बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा. सॉर्बेट किंवा बेंझोएट असेल तर यीस्ट धड चालणार नाही. फक्त पाश्चराइज्ड असेल तर उत्तम.

शरद ऋतूत शेजाऱ्यांच्या बागेतून सफरचंदं मिळत असतील तर खाली पडलेली नीट निवडा. डाग चालतो, सडलेलं नाही, कारण सडक्या सफरचंदात पॅटुलिन नावाचं विष असू शकतं. मेंढ्या चरतात त्या जमिनीवरून उचललेली तर मुळीच नको. ताज्या रसात साडेचार लिटरला कँपडेनची एक गोळी टाकून चोवीस तास थांबा, मग यीस्ट घाला. लगेच घातलंत तर गोळी त्या यीस्टलाही गप्प करेल.

खायच्या गोड सफरचंदांचा सायडर पांचट लागतो, ही तक्रार खरी आहे. सॉमरसेट आणि हेरफर्डशरमध्ये डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक अशा खास जाती सायडरसाठी लावतात, कारण त्यांच्यात तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर असतं. आपल्याकडे तीच उणीव कोऱ्या कडक चहाच्या कपाने बरीचशी भरून निघते. आंबटपणा कमी असेल तर थोडी ब्रॅम्ली सफरचंदं मिसळा.

आणि सडक्या अंड्याचा वास. सायडर करणाऱ्याला हा कधी ना कधी येतोच. सफरचंदाच्या रसात यीस्टला लागणारं नायट्रोजन कमी असतं, आणि उपाशी यीस्ट गंधकाचा वायू सोडतं. सुरुवातीलाच यीस्ट न्यूट्रियंट घातलं की तो सहसा टळतो. आलाच तरी ओतून देऊ नका, काही आठवड्यांत बहुधा विरून जातो.

वास ओळखून उपाय

लोण्यासारखी चव आली तर बिअर यीस्टवरून फार लवकर काढली गेली. अजून बादलीत असेल तर दोन-तीन दिवस उबेला राहू द्या. बिअरमध्ये हिरव्या सफरचंदाचा वास असेल तरी तेच कारण, तोच उपाय. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे वोर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) उकळताना भांड्यावर झाकण होतं. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे नळी लावताना किंवा ओतताना हवा मिसळली. त्याला आता इलाज नाही, लवकर पिऊन टाका. कुबट, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास हिरव्या किंवा पांढऱ्या बाटल्यांत उन्हामुळे येतो, म्हणून तपकिरी बाटल्या वापरा आणि त्या अंधारात ठेवा.

वर पातळ, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा आला तर भांड्यात हवा राहिली आहे. चव अजून ठीक असेल तर पापुद्र्याखालून नळीने काढा, भांडं गळ्यापर्यंत भरा आणि लवकर संपवा. केसाळ, रंगीत बुरशी दिसली तर मात्र सगळं ओता. आणि सायडरचं व्हिनेगर झालं असेल तर ते व्हिनेगर म्हणूनच वापरा, चटणीत छान लागतं. पण ती नळी, तो प्लॅस्टिकचा नळ आणि ती रबरी बुचं पुढच्या बॅचला घेऊ नका. नवी आणा.